ग्रेफ्रायर्स किर्क, एडिंबरा: पाहुणे विचारतात ते सगळे प्रश्न

एडिंबरात राहायला लागल्यापासून उन्हाळ्यात आमच्याकडे पाहुण्यांची रांग असते, आणि प्रत्येकाची पहिली फर्माईश ठरलेली, तो कुत्र्याचा पुतळा दाखव. दाखवते. पण त्याच्या मागच्या गेटातून आत गेलं की चारशे वर्षांचं एक चर्च उभं आहे, ते एकदा उडालंय, एकदा जळालंय आणि मधे भिंत घालून दोनशे वर्षं विभागलेलं होतं, आणि लोक कुत्र्यासोबत सेल्फी काढून निघून जातात याचं मला दर वेळी वाईट वाटतं. तेच तेच प्रश्न किती वेळा सांगणार म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतेय. वाचून या, म्हणजे तिथे चालताना मला दम लागणार नाही.

हे नक्की आहे कुठे?

जुन्या शहराच्या दक्षिण टोकाला. वेव्हर्ली स्टेशनपासून चालत साधारण पंधरा मिनिटं, चढ धरून. कँडलमेकर रो नावाचा उतार आणि जॉर्ज द फोर्थ ब्रिज जिथे भेटतात तिथे तो कुत्रा, त्याच्या बाजूने आत शिरलं की कब्रस्तान आणि मधोमध चर्च. समोर नॅशनल म्युझियम, मागच्या बाजूला जॉर्ज हेरियट शाळा, खाली ग्रासमार्केट. म्हणजे वाट वाकडी करायलासुद्धा लागत नाही.

किर्क म्हणजे चर्चच ना? आणि पॅरिश म्हणजे काय?

किर्क म्हणजे चर्चच, स्कॉट्स भाषेतला शब्द. चर्च ऑफ स्कॉटलंडला नुसतं "द किर्क" असंही म्हणतात. पॅरिश म्हणजे त्या चर्चचा इलाखा, अमुक गल्लीपासून तमुक गल्लीपर्यंतची माणसं या चर्चची, असं. त्यांची लग्नं, बारसं, मयत, गरिबांना मदत, आणि कोण रविवारी आला नाही, कोणाचं कोणाशी काय चाललंय याची चौकशीसुद्धा, हे सगळं किर्क सेशन नावाची पंचमंडळी बघायची. गावकीच म्हणा ना.

आणि मिनिस्टर म्हणजे मंत्री नाही, तिथले धर्मगुरू. माझ्या मामांना पहिले दहा मिनिटं वाटत होतं की इथे मंत्री लोक येऊन भाषणं करायचे.

इथे बिशप नसतात हे पण लक्षात ठेवा, प्रेस्बिटेरियन पद्धत ती, मिनिस्टर आणि वडीलधारे एल्डर्स मिळून कारभार, आणि सगळ्यात वर जनरल असेंब्ली. बिशप असावेत की नसावेत यावरून या देशात खरोखरच्या लढाया झाल्यात आणि त्यातली एक गोष्ट याच इमारतीत सुरू झाली, ती पुढे येतेच.

प्रोटेस्टंट चर्च आहे तर नाव संन्याशांचं कसं?

फ्रायर म्हणजे फ्रान्सिस्कन संन्यासी, आणि त्यांचा झगा करड्या रंगाचा, म्हणून ग्रे फ्रायर्स. पंधराव्या शतकात ते इथे आले, खाली ग्रासमार्केटच्या बाजूला त्यांचा मठ होता आणि वरच्या उतारावर बाग. १५५९-६० च्या धर्मसुधारणेत मठ लुटला गेला, संन्यासी गेले, जागा रिकामी. तेव्हा गावातलं मुख्य सेंट जाइल्स चर्चचं कब्रस्तान भरून गेलेलं, मग १५६२ मध्ये राणी मेरीने ही बाग गावाला दफनासाठी देऊन टाकली.

म्हणजे क्रम असा, आधी मठाची बाग, मग कब्रस्तान, आणि चर्च त्यानंतर चाळीस वर्षांनी. आत्ताच्या इमारतीचा आणि मठाचा संबंध फक्त जमीन आणि नाव एवढाच. मठातलं चर्च हेच असं समजून लोक फोटो टाकतात, ते चूक.

मग बांधलं कधी?

काम सुरू १६०२ मध्ये. त्याआधी १५९८ मध्ये एडिंबराचे चार पॅरिश पाडले होते, पण जागाच नव्हती, नैऋत्येकडच्या पॅरिशची मंडळी सेंट जाइल्सच्याच एका भागात भरायची. गाव वाढत होतं आणि धर्मसुधारणेनंतर एडिंबरात नवं चर्च एकही बांधलेलं नव्हतं, हे पहिलं. दगड आणले कुठून तर सियेन्स भागातल्या बंद पडलेल्या संन्यासिनींच्या मठातून, म्हणजे सेंट कॅथरीन ऑफ सिएना. (आजही त्या भागाचं नाव सियेन्स आहे, ते सिएनावरूनच.) जुन्या वाड्याचे दगड उचलून नवा वाडा, ही रीत सगळीकडे सारखीच.

रखडत रखडत उघडलं ते १६२० मध्ये, २५ डिसेंबरला.

आता इथे जरा थांबा, कारण गाइड हे सांगत नाहीत. तुम्हाला वाटेल नाताळचा दिवस, चांगला मुहूर्त. पण कट्टर प्रेस्बिटेरियन लोकांना नाताळ चालायचाच नाही! बायबलमध्ये तारीख नाही, पोपच्या लोकांचं थेर आहे, असं त्यांचं म्हणणं. दोनच वर्षं आधी, १६१८ मध्ये, राजा सहावा जेम्स याने पर्थच्या असेंब्लीतून पाच कलमं पास करून घेतली होती, त्यात नाताळ पाळा आणि प्रसाद घेताना गुडघे टेका असं होतं, आणि लोक प्रचंड चिडलेले. अशा हवेत नवं चर्च नाताळाच्या दिवशी उघडणं म्हणजे काय ते समजून घ्या. आणि स्कॉटलंडमध्ये नाताळची सरकारी सुट्टी सुरू झाली १९५८ मध्ये. १९५८!

दिसायला गॉथिक आहे, पण गॉथिक तर त्याच्या कितीतरी आधीचं ना?

बरोबर पकडलंत. इटलीत तेव्हा बरोकची सुरुवात झालेली आणि इथले गवंडी अजून टोकदार कमानी बांधतायत. हे गॉथिकचं पुनरुज्जीवन नाही, ते नंतर आलं, ही सवय आहे, बापाने जसं बांधलं तसं पोरगा बांधतोय. मधे एक लांब हॉल, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, त्यांच्या पलीकडे पडव्या, बाहेरून आधाराला दगडी धिरे. फक्त टोकाच्या त्रिकोणी भिंतींवर बघितलं तर जरा हॉलंडकडचं वळण दिसतं, वाकदार कडा. एडिंबराचा व्यापार समुद्रापलीकडे तिकडेच चालायचा, नवीन फॅशन बोटीतून यायची.

आतली मांडणी मात्र पूर्ण बदललेली. कॅथलिक चर्चमध्ये एका टोकाला वेदी आणि सगळ्यांची तोंडं तिकडे. इथे वेदीच नाही. मुख्य गोष्ट प्रवचन, त्यामुळे या काळातल्या स्कॉटिश चर्चमध्ये प्रवचनाचा उंच ओटा महत्त्वाचा आणि लोक त्याच्या भोवती, जवळात जवळ. भिंती पांढऱ्या, मूर्ती नाहीत, चित्रं नाहीत, रंगीत काचा नाहीत, वाद्यं नाहीत. एक माणूस स्तोत्राची ओळ म्हणायचा आणि लोक ती मागून ओढायचे, कीर्तनात बुवांच्या मागे म्हणतात तसं, पण टाळमृदंगाशिवाय. बायबलवरून लक्ष हटवणारं काही नको, फक्त शब्द ऐकायचा. मला हे ऐकायला कोरडं वाटायचं, एकदा आत शांत बसले आणि मग समजलं की रिकामी भिंतसुद्धा मुद्दाम केलेली असते.

कॉव्हेनंट कॉव्हेनंट म्हणतात ते काय प्रकरण?

याच्यासाठीच हे चर्च स्कॉटलंडच्या इतिहासात आहे, कुत्रा नंतर.

जेम्सचा मुलगा पहिला चार्ल्स, लंडनमध्ये बसलेला, त्याने १६३७ मध्ये स्कॉटलंडवर इंग्लंडच्या धर्तीवरचं प्रार्थनेचं पुस्तक लादलं. जुलैमध्ये सेंट जाइल्समध्ये ते पहिल्यांदा वाचायला घेतलं आणि दंगल झाली, जेनी गेडिस नावाच्या बाईने स्टूल फेकून मारलं अशी गोष्ट सांगतात, बाई खरी की दंतकथा कुणास ठाऊक पण दंगल शंभर टक्के खरी. मग अलेक्झांडर हेंडरसन नावाचे मिनिस्टर आणि आर्चिबाल्ड जॉन्स्टन ऑफ वॉरिस्टन नावाचे वकील, या दोघांनी मिळून एक करारनामा लिहिला, नॅशनल कॉव्हेनंट. भाषा वकिली, जुन्या कायद्यांची लांबलचक जंत्री, पण आशय सरळ: राजाशी आम्ही निष्ठावान आहोत, पण धर्मात त्याने मनाला येईल ते घुसवायचं नाही.

२८ फेब्रुवारी १६३८ रोजी इथे, ग्रेफ्रायर्समध्ये, तो मोठ्याने वाचला गेला आणि सरदार-जमीनदारांनी सह्या करायला सुरुवात केली. पुढचे दिवस मिनिस्टर, व्यापारी, मग गावोगाव प्रती पाठवून लाखो लोक. वर्षअखेर ग्लासगोच्या असेंब्लीने बिशपच काढून टाकले, पुढच्या वर्षी राजाशी युद्ध, त्या युद्धाला पैसे लागले म्हणून राजाला लंडनची पार्लमेंट बोलवावी लागली, आणि तिथून इंग्लंडचं यादवी युद्ध आणि शेवटी चार्ल्सचं मुंडकं. सरळ रेषा नाही ती, मधे बरंच काही आहे, पण धागा इथून निघतो हे नक्की.

१६२० मध्ये राजाला आवडेल अशा दिवशी उघडलेलं चर्च आणि अठरा वर्षांत त्याच छपराखाली राजाला नाही म्हणणारा कागद.

तो कागद थडग्यावर ठेवून, रक्ताने सही केलेला म्हणे?

जुन्या चित्रांत तसं दाखवतात, बाहेर गर्दी, आडव्या दगडावर कागद, कोणीतरी मनगट कापतंय. इतिहासकारांचं म्हणणं, सह्या आत चर्चमध्ये झाल्या. फेब्रुवारीत एडिंबरात संध्याकाळी बाहेर उभं राहून सही करून बघा, बोटं वाकत नाहीत. आपल्याकडे रोहिडेश्वराची शपथ जशी चित्रांनी आणि नाटकांनी रंगवली तसंच हे. १६३८ ची एक मूळ प्रत चर्चच्या छोट्या म्युझियममध्ये आहे, ती बघा, हरणाच्या कातड्यासारखा पिवळट चर्मपत्राचा तुकडा, आणि कडेपर्यंत सह्याच सह्या, जागा संपली तसं अक्षर बारीक होत गेलेलं.

क्रॉमवेलने इथे घोडे बांधले होते का?

इंग्लंडच्या पार्लमेंटच्या या सेनापतीचं सैन्य राहिलं होतं, १६५० मध्ये डनबारची लढाई जिंकून एडिंबरात घुसल्यावर, ते १६५३ पर्यंत. आतलं लाकूडकाम सगळं गेलं. सैन्य राहून गेल्यावर बाक कशाला उरतील.

कॉव्हेनंटर्स प्रिझन म्हणजे काय? तिथे कुलूप का असतं?

कॉव्हेनंटवाले जिंकले तेव्हा जिंकले, पण १६६० मध्ये दुसरा चार्ल्स गादीवर आला आणि बिशप परत आले. ज्यांनी ऐकलं नाही ते डोंगरात, माळावर चोरून प्रार्थना करायला लागले. २२ जून १६७९ ला बॉथवेल ब्रिगच्या लढाईत ते हरले आणि साधारण बाराशे कैदी एडिंबराला चालवत आणले. एवढे तुरुंगात मावेनात म्हणून या कब्रस्तानाला लागून असलेल्या मोकळ्या कुरणात ठेवले. वर छप्पर नाही, खायला तुटपुंजा पाव, पहारा. बरेच जण पुन्हा शस्त्र उचलणार नाही असं लिहून देऊन सुटले, काही गेले तिथेच. नोव्हेंबर उजाडला तरी शेवटचे अडीचशेच्या वर कैदी होते, त्यांना वसाहतींमध्ये विकायला बोटीत घातलं. १० डिसेंबरच्या रात्री ऑर्कनी बेटांच्या डिअरनेसच्या खडकांवर ती बोट फुटली. कैदी खाली कोंडलेले होते. वाचले जेमतेम पन्नास.

सही केली ते चर्च आणि हे कुरण यांच्यात पाच मिनिटांचं अंतर नाही.

आज "प्रिझन" म्हणून जी लोखंडी गेटमागची गल्ली दाखवतात तो त्या कुरणाचा एक तुकडा फक्त, आणि तिथल्या दगडी खोल्या या कोठड्या नाहीत, नंतरच्या काळातल्या श्रीमंतांच्या समाध्या आहेत. पाहुणे हमखास "बापरे एवढ्याशा कोठडीत" म्हणतात, तर नाही. कुलूप मोडतोडीमुळे, भुताच्या टूरवाल्यांबरोबरच आत जाता येतं.

या चर्चला मनोरा का नाही?

हा प्रश्न माझ्या आईचा. पाऊस रिपरिपत होता, ती छत्री मागे टाकून वर बघत उभी राहिली आणि म्हणाली, "अगं, कळसच नाही होय याला? काम अर्धवट टाकलं की काय?" आणि खरं सांगते, इतक्या वर्षांत मला ते खटकलंच नव्हतं. सेंट जाइल्सला दगडी मुकुट आहे, बाजूला हेरियट शाळेला मनोरे, आणि हे आपलं लांबच लांब, बसकं, एखाद्या धान्याच्या कोठारासारखं.

तर मनोरा होता. पश्चिमेच्या टोकाला. आणि नगरपालिकेने, म्हणजे टाउन कौन्सिलने, त्यात बंदुकीची दारू साठवली होती. जाड भिंती, कुलूप, गावापासून जरा बाजूला, कोणाला तरी वाटलं असेल की याहून सुरक्षित जागा कुठली. ७ मे १७१८ ला ती उडाली. मनोरा गेला, चर्चचं पश्चिमेकडचं टोकही गेलं.

आईची प्रतिक्रिया, "देवळात दारूगोळा ठेवल्यावर दुसरं काय होणार." मनोरा परत बांधला नाही तो नाहीच.

एका इमारतीत दोन चर्च होती असं ऐकलं, खरं?

खरं, आणि माझी सगळ्यात आवडती गोष्ट हीच. स्फोटानंतर काय केलं, तर उरलेल्या पूर्वेच्या भागाला भिंत घालून बंद केलं आणि तिथे प्रार्थना चालू. मग मोडलेल्या पश्चिम बाजूला अलेक्झांडर मॅकगिल या आर्किटेक्टकडून इमारत तिकडे वाढवून दुसरं चर्च बांधून घेतलं. पूर्वेचं ओल्ड ग्रेफ्रायर्स, पश्चिमेचं न्यू ग्रेफ्रायर्स, पाठीला पाठ लावून, मधे एकच भिंत. दोन वेगळ्या मंडळ्या, वेगळे मिनिस्टर. उत्तरेकडचं जे पोर्च आहे ते मॅकगिलचंच, १७२२ चं, नीट ग्रीक-रोमन वळणाचं, बाकीच्या गॉथिकमध्ये जरा परक्यासारखं उभं आहे. इमारतीच्या लांबीच्या मधोमध ते का आलंय हे भिंतीची गोष्ट माहीत असली की लगेच कळतं.

दोन भावांनी वाड्यात भिंत घातली की ती पाडायला पुढची पिढी लागते, इथे दोनशे वर्षं लागली. १९२९ मध्ये दोन्ही मंडळ्या एक झाल्या (त्याच वर्षी स्कॉटलंडमधली दोन मोठी फुटलेली चर्चंही एक झाली होती) आणि १९३० च्या दशकात हेन्री केर नावाच्या आर्किटेक्टने मधली भिंत काढून आतला सगळा भाग पुन्हा एकसंध केला. आज जे दिसतं ते बऱ्यापैकी त्याचं काम. छताचं लाकूड कॅलिफोर्नियाच्या रेडवुडचं आहे, त्यामुळे वर बघून "वा, सतराव्या शतकातलं छत" असं म्हणू नका, मी एकदा म्हटलंय.

आणि आग कधी लागली?

१८४५ च्या जानेवारीत, रविवारी सकाळी. ओल्ड ग्रेफ्रायर्सचं छप्पर आणि आतलं सगळं जळालं, भिंती उरल्या. मग बराच काळ ते तसंच पडून, शेवटी डेव्हिड ब्राइस या आर्किटेक्टने १८५७ पर्यंत पुन्हा उभं केलं. त्याने आतले खांबच काढून टाकले आणि एकाच पसाऱ्याचं मोठं छप्पर टाकलं.

पण आगीपेक्षा नंतरचं भांडण भारी. ओल्ड ग्रेफ्रायर्सचे मिनिस्टर तेव्हा रॉबर्ट ली. हे गृहस्थ १८४३ मध्ये आले, म्हणजे स्कॉटिश चर्च उभं फुटलं त्याच साली. त्यांचं मत असं की आपली उपासना अगदीच रुक्ष झालीय. दुरुस्ती चाललीच आहे तर रंगीत काचा घालू म्हणाले, आणि घातल्या, बॅलंटाइन यांच्या कारखान्यातल्या. धर्मसुधारणेनंतर स्कॉटलंडच्या पॅरिश चर्चमध्ये रंगीत काचा आल्या त्या पहिल्यांदा इथे, तीनशे वर्षांनी. मग लोकांना म्हणाले प्रार्थनेला गुडघे टेका आणि गाताना उभे राहा, आजवर बरोबर उलट चालायचं, उभं राहून प्रार्थना आणि बसून गाणं. मग छापील पुस्तकातून प्रार्थना वाचायला लागले. आणि १८६० च्या दशकात आधी हार्मोनियम आणि मग चक्क ऑर्गन.

लोक हादरले. याच चर्चमध्ये छापील प्रार्थनेच्या पुस्तकाविरुद्ध सह्या झाल्या होत्या, आणि इथलाच मिनिस्टर पुस्तक उघडून वाचतोय! प्रकरण जनरल असेंब्लीपर्यंत गेलं, वर्षानुवर्षं चर्चा, आणि भांडण मिटायच्या आतच १८६८ मध्ये ली वारले. आज स्कॉटलंडच्या जवळजवळ प्रत्येक पॅरिश चर्चमध्ये ऑर्गन आहे. पेटीवरून एवढा गदारोळ हे ऐकून हसू येतं, पण आपल्याकडे आकाशवाणीने पेटीवर वर्षानुवर्षं बंदी घातलीच होती की. कारण वेगळं, पण पेटीच्या नशिबी शिव्या दोन्हीकडे.

आत गेल्यावर काय बघू? पटकन सांग.

लीच्या वेळच्या काचा, पूर्वेकडे. १९९० चा ऑर्गन, पीटर कॉलिन्सने बांधलेला, त्याच्या लाकडावर कोरलेले स्कॉटलंडचे प्राणी आणि पानंफुलं लहान मुलांना शोधायला द्या, अर्धा तास शांतता. म्युझियममधला कॉव्हेनंट. कुत्र्याचं त्याच्या हयातीत, १८६७ मध्ये काढलेलं चित्रपण तिथेच आहे.

बरं, आता कुत्रा.

आलंच शेवटी. जॉन ग्रे नावाचा पोलिसातला रात्रीचा पहारेकरी १८५८ च्या फेब्रुवारीत वारला, इथे पुरला, आणि त्याचा छोटा टेरियर बॉबी म्हणे पुढची चौदा वर्षं, १८७२ मध्ये मरेपर्यंत, कब्रस्तानातच राहिला. १८६७ मध्ये कुत्र्यांना लायसन्स लागायला लागलं, बेवारस मारून टाकायचे, तेव्हा शहराचे लॉर्ड प्रोव्होस्ट, म्हणजे महापौर, विल्यम चेंबर्स यांनी स्वतः पैसे भरून पट्टा करून दिला, तो पट्टा सिटी म्युझियममध्ये आहे, खरा. पुतळा १८७३ चा, विल्यम ब्रॉडीने केलेला.

चौदा वर्षं तोच कुत्रा होता का यावर वाद आहेत. २०११ मध्ये कार्डिफच्या एका संशोधकाने मांडलं की पहिला मेल्यावर दुसरा आणून ठेवला असावा, कारण गर्दीमुळे आजूबाजूच्या खानावळींचा धंदा होत होता. मला पटतं. तरी मुलांसमोर बोलू नका.

आणि त्या पुतळ्याचं नाक घासायचं नाही. ती काही जुनी प्रथाबिथा नाही, अलीकडेच पर्यटकांनी सुरू केलेलं खूळ आहे, नाक पार पिवळं पडलंय. नंदीच्या शिंगातून बघतो तशी श्रद्धा इथे नाही, उगाच ब्राँझ झिजतं.

थडग्यांवर लोखंडी पिंजरे कशाला? भुतं बाहेर येऊ नयेत म्हणून?

माणसं आत जाऊ नयेत म्हणून. एडिंबरात मेडिकल कॉलेजं जोरात आणि फाडायला प्रेतं कमी, त्यामुळे ताजी थडगी उकरून प्रेतं विकायचा धंदा होता. मॉर्टसेफ म्हणतात त्याला, प्रेत कुजून निरुपयोगी होईपर्यंत पिंजरा. ज्यांच्याकडे पैसे त्यांनाच परवडायचा अर्थात. १८३२ च्या कायद्यानंतर कॉलेजांना रीतसर प्रेतं मिळायला लागली आणि गरज संपली. बर्क आणि हेअरचं नाव इथे लोक घेतात, पण त्या दोघांनी थडगी उकरली नाहीत, ते सरळ जिवंत माणसं मारून विकायचे.

इथे कोण कोण पुरलेलं आहे?

यादी मोठी आहे, माझ्या आवडीचे तेवढे सांगते. जेम्स हटन, आधुनिक भूगर्भशास्त्राचा बाप, ज्याने दगड वाचून पृथ्वी अतोनात जुनी आहे असं सांगितलं. आणि या दगडवाल्या माणसाच्या थडग्यावर दीडशे वर्षं दगडच नव्हता, पाटी लागली १९४७ मध्ये. रसायनशास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक. जेम्स क्रेग, ज्याने एडिंबराच्या न्यू टाउनचा नकाशा काढला. डंकन बान मॅकिंटायर, गेलिक भाषेचा मोठा कवी, ज्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, सगळ्या कविता तोंडपाठ. बहिणाबाईंची आठवण येते की नाही?

भिंतीतले सतराव्या शतकाचे दगडी स्मारकं बघा जरा जवळून. कवट्या, वाळूची घड्याळं, हाडं. जेम्स बोर्थविक नावाच्या सर्जनच्या स्मारकावर तर त्याची हत्यारंच कोरलीत, कात्र्या, सुऱ्या, करवती. आत चर्चमध्ये चित्राला बंदी, मग सगळी हौस बाहेर थडग्यांवर फेडलीय असं मला वाटतं.

आणि हो, थॉमस रिडेल नावाचा दगड आहे. त्या जादूच्या शाळेच्या पुस्तकांतल्या खलनायकाच्या नावाशी जुळतो म्हणून तिथली माती लोकांच्या बुटांनी पार चिखल झालेली असते.

भूत आहे का?

जॉर्ज मॅकेंझी नावाचे सरकारी वकील होते, कॉव्हेनंटर्सवर खटले चालवणारे, "रक्तपिपासू मॅकेंझी" म्हणायचे त्यांना. १६९१ मध्ये वारले आणि पुरले कुठे तर त्याच कब्रस्तानात जिथे त्यांचे शत्रू. त्यांची गोल घुमटाची समाधी आहे, पोरं दाराशी जाऊन "हिंमत असेल तर बाहेर ये" ओरडून पळून जायची. भूताचं मला माहीत नाही पण गमतीची गोष्ट अशी की वकिलांची मोठी लायब्ररी याच माणसाने स्थापन केली, आणि आजची नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंड त्यातूनच झाली, इथून दोन मिनिटांवर.

आपला, म्हणजे भारताचा, काही संबंध?

ओढूनताणून नाही, खरा आहे. विल्यम रॉबर्टसन, नावाजलेले इतिहासकार, १७६१ पासून १७९३ पर्यंत ओल्ड ग्रेफ्रायर्सचे मिनिस्टर आणि जोडीला एडिंबरा युनिव्हर्सिटीचे प्रिन्सिपल. त्यांचं शेवटचं पुस्तक, १७९१ चं, प्राचीन काळी बाहेरच्या जगाला भारताबद्दल काय माहीत होतं यावर आहे. ते भारतात कधी आले नाहीत, पण भारतीय संस्कृती जुनी आणि प्रगत आहे, तिथल्या लोकांशी मानाने वागा असं त्यात कंपनीच्या काळात लिहून ठेवलं. त्यांची समाधी इथेच, आर्किटेक्ट विल्यम अ‍ॅडमच्या समाधीशेजारी. अ‍ॅडम म्हणजे त्यांच्या आत्याचे यजमान, दोन नातेवाईक शेजारी शेजारी.

मुंबईचा धागा थोडा लांबून. फोर्टात लायन गेटजवळचं सेंट अँड्र्यूज चर्च, १८१९ चं, ते चर्च ऑफ स्कॉटलंडचंच, म्हणून त्याला स्कॉच किर्क म्हणायचे. आणि गिरगाव चौपाटीच्या विल्सन कॉलेजचे जॉन विल्सन एडिंबरा युनिव्हर्सिटीतच शिकून १८२९ मध्ये मुंबईला गेले. रॉबर्ट ली आले त्या १८४३ सालची फूट मुंबईपर्यंत पोचली, विल्सन जुनं चर्च सोडून फुटून निघालेल्या फ्री चर्चबरोबर गेले. गिरगावातून दोनशे वेळा गेलेय मी, आणि ते कळायला इथे यावं लागलं.

अजून चालू आहे का चर्च? कोणीही जाऊ शकतं का?

चालू आहे, चर्च ऑफ स्कॉटलंडचंच. तिकीट नाही, दानपेटी आहे, हिवाळ्यात वेळा कमी असतात तेव्हा बघून जा. रविवारी उपासनेला बसलात तर कोणी नाव-जात विचारत नाही, बूटही काढायचे नसतात, आमचे काका दारात काढायला लागले होते, मोजे ओले झाले.

गेलिक भाषेतली प्रार्थनाही इथे होते. ती परंपरा दुसऱ्या एका चर्चच्या मंडळीबरोबर आली, ती मंडळी १९७९ मध्ये यांच्यात सामील झाली, त्यांची जुनी इमारत वर किल्ल्याच्या रस्त्यावर आहे, शहरातला सगळ्यात उंच कळस, आता तिथे फेस्टिव्हलचं ऑफिस आणि कार्यक्रम. एकदा मी मागच्या बाकावर बसून ऐकलं. एक जण ओळ म्हणतो आणि बाकीचे आपापल्या गतीने ती ओढतात, कोणी पुढे, कोणी मागे, लाटेसारखं, वाद्य नाही काही नाही, ऑर्गन बाजूला गप्प. आई शेजारी होती, तिला एक शब्द कळला नाही. बाहेर आल्यावर छत्री उघडत म्हणाली, "मागच्या रांगेतले ते आजोबा सुरात नव्हते, पण सोडत नव्हते हो."